कार्ड वाजतं, पण दार उघडत नाही: लॅबच्या ॲक्सेस दारांची वारंवार येणारी तक्रार

"कार्ड लावलं की बीप होतो, पण दार उघडत नाही. दोन-तीनदा लावलं की उघडतं. कधी कधी अख्खा दिवस काहीच होत नाही." पॅथॉलॉजी लॅब असो, रक्तपेढी असो की पीसीआर लॅब, जिथे दाराला कार्ड रीडर आणि मॅग्नेट आहे तिथून ही तक्रार येते, आणि जवळजवळ याच शब्दांत येते. व्हेंडरचा माणूस येतो, कार्ड बदलून देतो, काम चालू होतं. काही दिवसांनी पुन्हा फोन जातो, मग रीडर बदलला जातो. पुन्हा थोडे दिवस बरे जातात आणि त्यानंतर कंट्रोलर बदलायचं कोटेशन हातात पडतं.

हे लिहितोय ते लॅबचं प्रशासन, मेंटेनन्स किंवा क्वालिटी सांभाळणाऱ्यांसाठी. सोबत मल्टीमीटर धरता येणारा वायरमन असला की खालचं बहुतेक सगळं तुमचं तुम्हाला तपासता येईल. बरीच वर्षं ही दारं बसवून आणि दुरुस्त करून माझं ठाम मत झालंय की या तक्रारीत कार्डाचा दोष क्वचितच असतो. दोष बहुतेक वेळा पुढे, म्हणजे वीजपुरवठा, रिले (विजेने चालणारा स्विच), मॅग्नेट, डोअर क्लोजर (दार आपोआप लावणारं यंत्र) किंवा खोलीतल्या हवेच्या दाबात असतो. आणि तो शोधायला सर्वांत जास्त मदत कशाची होत असेल, तर तक्रार नेमकी किती वाजता येते याच्या नोंदीची.

हा विषय मला महत्त्वाचा वाटतो, कारण दार त्रास द्यायला लागलं की लोक ते उघडं ठेवायला लागतात. कोणी खुर्ची लावतं, कोणी मॅग्नेटवर सर्जिकल टेप चिकटवतं. हातात सॅम्पलचा रॅक घेऊन बाहेर ताटकळणाऱ्या टेक्निशियनला दोष देता येत नाही. पण मास्टर मिक्सच्या (पीसीआरची रसायनं मिसळायच्या) खोलीचं दार उघडं राहिलं आणि ॲम्प्लिफिकेशनच्या (डीएनएच्या प्रती वाढवायच्या) खोलीतल्या डीएनएचा अंश हवेबरोबर किंवा कोणाच्या ॲप्रनवरून तिथे पोचला, तर निगेटिव्ह रुग्णाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. मेडिकल लॅबसाठीच्या आयएसओ १५१८९ या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रवेश-नियंत्रणाची अट आहे ती याचसाठी. सुरक्षितता, गोपनीयता, गुणवत्ता आणि रुग्णांची माहिती व नमुने जपणं, ही चारही कारणं तिथे सांगितली आहेत.

आधी बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते ठरवा

कार्ड लावल्यापासून दार उघडेपर्यंत तीन कामं होतात. रीडर कार्डाचा नंबर वाचतो. कंट्रोलर तो नंबर यादीत आहे का, या वेळेला या माणसाला परवानगी आहे का, हे बघतो. मग कंट्रोलरचा रिले मॅग्नेटची वीज तोडतो आणि दार मोकळं होतं. रीडरचा बीप बहुतेक ठिकाणी फक्त "कार्ड वाचलं" एवढंच सांगतो. दार उघडायला परवानगी मिळाली असा त्याचा अर्थ घेऊ नका.

म्हणून पहिलं काम हे करा: ज्या वेळी दार उघडलं नाही ती वेळ लिहा आणि त्याच वेळेची सॉफ्टवेअरमधली नोंद काढा. नोंदच नसेल तर रीडर किंवा त्याची केबल तपासायची. नोंद आहे पण "नाकारलं" लिहिलंय, तर निर्णय कंट्रोलरचा आहे आणि त्याला काहीतरी कारण आहे. "परवानगी दिली" असं लिहिलंय आणि दार बंदच राहिलं, तर कार्ड आणि रीडर दोघेही निर्दोष सुटले. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हा तिसरा प्रकार सर्वांत जास्त असतो, आणि कार्ड बदलून द्यायची घाईही नेमकी त्यातच झालेली असते.

दाराशेजारी एक वही लटकवा. तारीख, वेळ, कोण, बीप झाला का, हिरवा दिवा लागला का, आतून रिलेचा टक आवाज आला का. आठवडाभर लोकांनी प्रामाणिकपणे लिहिलं की वेळांचा आकार दिसायला लागतो. शिफ्ट बदलताना त्रास होत असेल तर अँटी-पासबॅककडे (कोण आत, कोण बाहेर याचा हिशेब ठेवणाऱ्या सोयीकडे) बघा. लाइट जाऊन आल्यावर होत असेल तर कंट्रोलरचं घड्याळ किंवा बॅटरी. भर दुपारी होत असेल तर फॉल्स सीलिंगमध्ये तापणारा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). आणि सकाळी एसी प्लांट सुरू झाल्यावर ते रात्री बंद होईपर्यंतच होत असेल, तर थेट हवेच्या दाबाच्या भागाकडे जा.

रीडर कार्ड वाचतच नसेल तर

आपल्याकडे दारांवर दोन प्रकारची कार्डं चालतात. जुनी जाड पांढरी कार्डं १२५ किलोहर्ट्झवर, नवी पातळ कार्डं १३.५६ मेगाहर्ट्झवर. दोन्हींत बॅटरी नसते. रीडरच्या कॉइलभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रातून कार्डाला वीज मिळते आणि त्याच क्षेत्रात फेरफार करून ते आपला नंबर कळवतं. हे क्षेत्र काही सेंटीमीटरचंच असतं, आणि धातू जवळ आला की दबतं.

लॅबमध्ये इथेच गोची होते. क्लीन रूमच्या भिंती म्हणजे दोन्ही बाजूंनी जीआय पत्रा आणि मधे पफ (फोम). अशा पॅनेलवर रीडर सरळ स्क्रूने आवळला की पत्र्यात भोवरी प्रवाह तयार होतात, कॉइलचा सूर बिघडतो आणि सहा सेंटीमीटरवरून वाचणारा रीडर कार्ड अगदी टेकवल्याशिवाय वाचत नाही. रीडर आणि पत्रा यांच्यामध्ये दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा किंवा ॲक्रिलिकचा ठोकळा घाला, नाहीतर रीडरच्या पाठीला फेराइटचा पातळ पत्रा लावा. बदललेला रीडरही त्याच पॅनेलवर तसाच आवळला तर तोच त्रास पुन्हा होणार.

आत जायचा आणि बाहेर यायचा असे दोन रीडर जिप्सम पार्टिशनच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसवलेले दिसतात. ते एकमेकांच्या क्षेत्रात ढवळाढवळ करतात. खात्री करायला एका रीडरची वीज काढा. दुसरा लगेच सुधारला तर दोघांत हातभर अंतर ठेवा.

१२५ किलोहर्ट्झच्या रीडरला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे स्वस्त एसएमपीएस आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर. त्यांची आतली स्विचिंगची वारंवारता याच पट्ट्याच्या आसपास असते. सेंट्रिफ्यूज किंवा एएचयूचा (एसी प्लांटच्या हवा ढकलणाऱ्या यंत्राचा) व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, जवळ असेल तर तोही गोंधळ घालतो. तपासायला रीडर तात्पुरता १२ व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर चालवून बघा. बॅटरीवर सुरळीत चालला तर पॉवर सप्लाय बदला.

आता कार्डाच्या पाकिटाबद्दल. गळ्यातल्या एकाच पाऊचमध्ये ओळखपत्र, मेट्रोचं एनसीएमसी कार्ड आणि बँकेचं टॅप करायचं कार्ड अशी तिन्ही असतात. तिन्ही १३.५६ मेगाहर्ट्झची. रीडरसमोर ती एकदम आली की एकतर कोणतंच नीट वाचलं जात नाही, किंवा भलत्याच कार्डाचा नंबर कंट्रोलरला जातो आणि लॉगमध्ये "अनोळखी कार्ड" अशी नोंद पडते. पाऊचमागे एनएफसी चालू असलेला फोन असेल तर अजून मजेशीर नोंद दिसते: दर वेळी नवा नंबर. फोन सुरक्षिततेसाठी सहसा यादृच्छिक नंबर देतो, आणि चार बाइटचा असा नंबर सोळा-आधारी पद्धतीत ०८ ने सुरू होतो. लॉगमध्ये असे नंबर सापडले की उत्तर मिळालंच. कार्ड पाऊचमधून वेगळं काढून लावायला सांगा, एवढंच.

कंट्रोलर "नाही" म्हणत असेल तर

रात्रपाळीच्या लोकांना दार नाकारतं आणि दिवसपाळीला उघडतं, ही तक्रार आली की मी आधी कंट्रोलरचं घड्याळ बघतो. बोर्डावर नाण्याएवढी ३ व्होल्टची बटण बॅटरी असते, बहुधा सीआर२०३२. ती संपली की लाइट जाऊन आल्यावर तारीख-वेळ मूळपदावर जाते. मग कंट्रोलरच्या हिशेबी भलताच दिवस आणि भलतीच वेळ असते, आणि ज्यांना ठरावीक वेळेचीच परवानगी आहे ते बाहेर राहतात. चोवीस तास परवानगी असलेल्या मोठ्या साहेबांचं कार्ड मात्र कायम चालतं, म्हणून "माझं तर उघडतं" असं ते सांगतात आणि तपास भलतीकडे जातो. बटण बॅटरी बदला, आणि सॉफ्टवेअरमध्ये रोज एकदा वेळ जुळवायची सोय असेल तर ती चालू करा.

अँटी-पासबॅक चालू असेल तर सिस्टिम प्रत्येक माणूस आत आहे की बाहेर याचा हिशेब ठेवते. शिफ्ट बदलताना पुढच्याने कार्ड लावलं आणि मागचे दोघे त्याच्या पाठोपाठ आत शिरले, तर त्या दोघांची नोंद "बाहेर" अशीच राहते. परत जाताना त्यांचं कार्ड नाकारलं जातं. यावर कार्ड बदलणं हा उपाय होऊच शकत नाही. हिशेब रोज मध्यरात्री आपोआप शून्यावर येईल असं ठेवा, आणि गर्दीच्या दारावर अँटी-पासबॅक खरंच हवा आहे का ते पुन्हा ठरवा.

तिसरं कारण थोडं तांत्रिक आहे, पण सुरक्षेच्या दृष्टीने गंभीर. रीडर आणि कंट्रोलर आपसांत बहुतेक ठिकाणी अजून विगंड या जुन्या, तारेवरून आकडे पाठवायच्या पद्धतीने बोलतात. २६ बिटच्या प्रचलित रचनेत ८ बिट साइट कोडचे, १६ बिट कार्ड नंबरचे आणि २ बिट पडताळणीचे. म्हणजे एका साइट कोडखाली नंबर ० ते ६५,५३५. पण १३.५६ मेगाहर्ट्झच्या कार्डाचा मूळ नंबर चार किंवा सात बाइटचा असतो. २६ बिटमध्ये त्यातले तीनच बाइट मावतात, बाकीचे कापले जातात. वेगवेगळ्या खरेदीतल्या दोन कार्डांचे हे तीन बाइट जुळले, तर एकाच्या कार्डाने दुसऱ्याच्या नावावर दार उघडतं. लॉगमध्ये सुट्टीवरच्या माणसाची हजेरी दिसली तर त्याच्यावर संशय घेण्याआधी हे तपासा. रीडर आणि कंट्रोलर दोन्ही ३४ बिटवर नेता येत असतील तर न्या. त्यानंतर सगळी कार्डं पुन्हा नोंदवावी लागतात, त्याची तयारी ठेवा.

विगंडची केबल १५० मीटरपेक्षा लांब नसावी आणि शील्ड असलेली असावी. रीडरला वेगळा पॉवर सप्लाय दिला असेल तर त्याची आणि कंट्रोलरची मायनस जोडलेली हवी. ती जोडलेली नसली की कार्ड वाचून बीप होतो, पण कंट्रोलरला तुटक आकडे मिळतात आणि नोंद पडत नाही किंवा चुकीची पडते.

परवानगी मिळाली, पण दार सुटलं नाही

आता खऱ्या दुखण्याकडे. मॅग्नेट म्हणजे चौकटीवर बसवलेलं विद्युतचुंबक, आणि दारावर त्याला चिकटणारी लोखंडी पट्टी. दुकानात ६०० पौंडी मॅग्नेट म्हणून मिळतं ते साधारण २७० किलोची ओढ सहन करतं आणि १२ व्होल्टवर अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतं. वीज आहे तोवर दार बंद, वीज गेली की मोकळं. त्यामुळे मॅग्नेट रिलेच्या एनसी टोकावर (रिले शांत असताना जोडलेलं राहणारं टोक) जोडलेलं असतं.

मल्टीमीटर मॅग्नेटच्या टोकांना लावा आणि कार्ड लावून बघा. टक आवाज आला आणि व्होल्टेज शून्यावर उतरलं, तर वीजपुरवठ्याचं काम झालं, दार दुसऱ्या कशाने तरी अडलंय. टक आवाज आला पण व्होल्टेज तसंच राहिलं, तर रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटताहेत.

"दोन-तीनदा लावलं की उघडतं" या तक्रारीचं माझ्या अनुभवातलं सर्वांत मोठं कारण हे चिकटलेले कॉन्टॅक्टच आहेत. कॉइलची वीज अचानक तोडली की तिच्यात साठलेली ऊर्जा उलट दिशेने उसळते, बाराच्या जागी कितीतरी पट व्होल्टेज क्षणभर उठतं आणि रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी पडते. दिवसातून शेकडो वेळा दार उघडणाऱ्या लॅबमध्ये काही महिन्यांत कॉन्टॅक्टवर खड्डे पडतात आणि ते अधूनमधून एकमेकांना चिकटून राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला सुटतात. हीच उसळी कधी कंट्रोलरला रीसेट करते, कधी रीडर गोठवते, आणि मग कंट्रोलर बदलायचं कोटेशन येतं. उपाय म्हणजे १एन४००७ हा डायोड, काही रुपयांचा. तो मॅग्नेटच्या टोकांपाशीच लावायचा, पांढऱ्या पट्टीची बाजू प्लसला. उलटा लावला तर सरळ शॉर्ट होईल, म्हणून वीज बंद करूनच लावा आणि दोनदा बघा. काही मॅग्नेटमध्ये ही सोय आतच असते. तशी असेल तर वेगळा डायोड लागत नाही. चिकटलेला रिले मात्र डायोड लावल्याने बरा होत नाही, तो बदलावाच लागतो. रिले बदलला आणि डायोड लावला नाही, तर तक्रार ठरल्यासारखी परत येते.

व्होल्टेज शून्यावर आलं आणि दार तरी धरून आहे, तर पट्टी बघा. पट्टीत एक छोटी स्प्रिंगची पिन असते, ती पट्टीला मॅग्नेटपासून ढकलून सोडवते. ती गंजली किंवा कोणी रंग मारताना तिच्यावरही हात फिरवला, तर लोखंडात उरलेलं चुंबकत्व पट्टीला काही क्षण धरून ठेवतं. मुंबई, रत्नागिरी, गोव्यात पावसाळ्यात हे हमखास होतं. पट्टी आणि मॅग्नेटचा चेहरा कोरड्या कापडाने पुसा. पॉलिश पेपर घासू नका, वरचा थर गेला की गंज वाढतो.

उलट तक्रारही असते: दार जरा जोरात ओढलं की उघडतं. तिथे दोनच गोष्टी बघायच्या. पट्टी मधल्या बोल्टवर रबरी वॉशरसकट थोडी हलती राहायला हवी, म्हणजे ती मॅग्नेटवर सपाट बसते. कोणीतरी ती "ढिली आहे" म्हणून घट्ट आवळून ठेवलेली असते आणि ती एका कडेनेच टेकते. दुसरी गोष्ट केबल. नेटवर्कची कॅट-५ केबल उरली होती म्हणून तिच्या एका जोडीवर मॅग्नेट चालवलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. त्या तारेचा विरोध मीटरला साधारण ०.०८४ ओहम. कंट्रोलर २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ३.४ ओहम. अर्ध्या अँपिअरला १.७ व्होल्ट वाटेतच जातात आणि मॅग्नेटला १०.३ मिळतात. रीडरही त्याच जोडीवर असेल तर दार बंद होऊन मॅग्नेट लागताच रीडरचं व्होल्टेज खाली बसतं आणि तो पुन्हा सुरू होतो. मॅग्नेटला वेगळी, निदान एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार द्या. मोजमाप मॅग्नेट लागलेलं असतानाच घ्या. मोकळ्या तारेवर मीटर बाराच दाखवतो आणि सगळे निश्चिंत होतात.

बॅटरीबद्दल थोडक्यात. एसएमपीएससोबतच्या ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीला चार्जिंगचं व्होल्टेज १३.५ ते १३.८ च्या दरम्यान हवं. फॉल्स सीलिंगमधल्या उकाड्यात ती लवकर मरते. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. तिची परीक्षा एकच: मेन्स बंद करा आणि बघत बसा. मॅग्नेट, रीडर, कंट्रोलर मिळून ०.८ अँपिअर धरले तर नवी बॅटरी कागदावर आठ-नऊ तास द्यायला हवी. अर्ध्या तासात दार मोकळं झालं तर आजच बदला, कारण लाइट गेल्यावर रक्तपेढीचं दार सताड मोकळं असणं परवडणारं नाही.

एसी प्लांट सुरू झाला की दार बिघडतं

हा प्रकार फक्त लॅब आणि ऑपरेशन थिएटरसारख्या जागांचा आहे, आणि साध्या ऑफिसात काम केलेल्या व्हेंडरच्या डोक्यात तो येतच नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जिथे संसर्गजन्य नमुने हाताळले जातात त्या खोलीत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवतात, म्हणजे आतली हवा बाहेर येत नाही. मास्टर मिक्सच्या खोलीत उलट, आत जास्त. खोली आणि पॅसेज यांच्यात १५ पास्कलचा फरक धरा. दार ०.९ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच, म्हणजे १.८९ चौरस मीटर. गुणाकार केला तर दारावर २८ न्यूटनचा, म्हणजे जवळजवळ ३ किलो वजनाएवढा सततचा रेटा. कमी दाबाच्या खोलीत आत उघडणारं दार असेल तर पॅसेजमधली हवा ते आत ढकलत राहते आणि डोअर क्लोजरला या रेट्याविरुद्ध दार बंद करावं लागतं. क्लोजर एएचयू बंद असताना सेट केला असेल तर प्लांट सुरू झाल्यावर दार शेवटच्या दोन बोटांवर अडतं. पट्टी मॅग्नेटला पोचत नाही, किंवा तिरकी टेकते.

यात आता इंटरलॉकची भर पडते. दोन दारांच्या एअरलॉकमध्ये (दोन दारांमधल्या छोट्या जागेत) एक उघडं असताना दुसरं उघडत नाही, हे असायलाच हवं. पहिलं दार बंद आहे की नाही हे चौकटीतला मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट सांगतो. पहिलं दार दोन बोटं उघडं राहिलं की कॉन्टॅक्ट "उघडं" म्हणतो, आणि दुसऱ्या दारावर कार्ड लावणाऱ्याला बीप ऐकू येतो, पण दार सुटत नाही. तो माणूस दुसऱ्या दाराची तक्रार करतो. सगळे दुसऱ्या दाराचा रीडर बदलतात. खरा दोष पहिल्या दाराच्या क्लोजरमध्ये असतो. मधे कोणी पहिलं दार ढकलून नीट लावलं की दुसरं सुरळीत चालतं, म्हणून बिघाड "कधी होतो, कधी नाही" असा वाटतो.

तपासणी सोपी आहे. एएचयू चालू ठेवा. पहिलं दार पूर्ण उघडून सोडा आणि हात न लावता ते स्वतः चिकटतं का बघा. मग अर्धं उघडून सोडा. मग फक्त वीतभर उघडून सोडा. बहुतेक दारं या शेवटच्या चाचणीत नापास होतात, कारण क्लोजरला वेग घ्यायला जागाच मिळत नाही. क्लोजरवर दोन स्क्रू असतात, एक दार फिरण्याच्या वेगाचा आणि एक शेवटच्या झटक्याचा. शेवटच्या झटक्याचा स्क्रू थोडा सैल करा, म्हणजे दार अखेरच्या टप्प्यात जोराने बसेल. तरी जमलं नाही तर जास्त ताकदीचा क्लोजर लागेल. मोठा फरक असलेल्या खोलीचं दार जास्त दाबाच्या बाजूला उघडणारं असेल तर हवाच ते बंद ठेवायला मदत करते. नवीन लॅब बांधणाऱ्यांनी हे आर्किटेक्टशी आधीच बोलून घ्यावं, नंतर चौकट फिरवणं महागात पडतं.

काही महिने ठीक चालून तक्रार हळूहळू वाढत असेल तर फिल्टर बघा. आत हवा देणारा फिल्टर तुंबला आणि बाहेर ओढणारा पंखा तसाच चालू राहिला, तर खोलीचा दाब आणखी खाली जातो आणि दारावरचा रेटा वाढतो. दाराजवळचं दाबाचं मीटर रोज वाचून तक्रारीच्या वहीतच लिहा. दोन रकाने शेजारी आले की संबंध दिसतो, आणि एसीवाला आणि ॲक्सेसवाला एकमेकांकडे बोट दाखवणं थांबवतात. लोखंडी दारावर साधा कॉन्टॅक्ट लावला असेल तर त्याचं काम करण्याचं अंतर बरंच घटतं. तिथे लोखंडी दारासाठीचाच रुंद अंतराचा कॉन्टॅक्ट घ्या.

बोटांचे ठसे

सॅम्पल घेणारे आणि टेक्निशियन दिवसभर हातमोजे घालतात, सॅनिटायझर लावतात, हात धुतात. त्वचा कोरडी पडते, ठशाच्या रेषा उथळ होतात आणि सेन्सर नाकारतो. कोविड आला तेव्हा मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांची बायोमेट्रिक हजेरी थांबवली होती. ते स्पर्शामुळे संसर्ग पसरू नये म्हणून. लॅबच्या आतल्या दारांना तो विचार कायमच लागू आहे. तिथे बोटाचा ठसा नकोच. कार्ड किंवा हात न लावता चालणारी दुसरी पद्धत ठेवा. बदलणं शक्यच नसेल तर प्रत्येकाची निदान दोन बोटं नोंदवा, आणि ती सकाळी ताज्या हातांनी न नोंदवता ड्यूटीच्या मध्यावर, खऱ्या परिस्थितीतल्या हातांनी नोंदवा.

हे करू नका

रिले चिकटतोय म्हणून मॅग्नेटला थेट वीज देऊन दार "पक्कं" करू नका. आत माणसं असतात, स्पिरिट आणि झायलिनसारखी ज्वलनशील रसायनं असतात. फायर अलार्म वाजला की मॅग्नेटची वीज तुटलीच पाहिजे, आणि आतल्या बाजूचा हिरवा आपत्कालीन डबा कंट्रोलरमधून न फिरता थेट मॅग्नेटच्या तारेवर असला पाहिजे. कंट्रोलर गोठला तरी माणूस बाहेर पडला पाहिजे, हे यातलं एकच कारण पुरेसं आहे. कोणत्याही दुरुस्तीनंतर तो डबा दाबून बघा, फायर पॅनेलवरून एकदा चाचणी घ्या आणि दोन्हींची तारीख वहीत टाका.

आणि कार्ड बदलायचा खर्च करायचाच असेल तर तो योग्य कारणासाठी करा. १२५ किलोहर्ट्झच्या साध्या कार्डाची नक्कल स्वस्तातल्या यंत्राने काही सेकंदांत होते. माइफेअर क्लासिक या १३.५६ मेगाहर्ट्झच्या कार्डाचं कूटलेखन २००८ मध्येच संशोधकांनी उघड मोडून दाखवलं. रुग्णांचे रिपोर्ट, रक्ताच्या पिशव्या किंवा विषाणूंचे नमुने ज्या दारामागे आहेत तिथे डेसफायरसारखं, खऱ्या अर्थाने कूटबद्ध कार्ड हवं, आणि रीडरने फक्त नंबर न वाचता कार्डातली किल्ली तपासायला हवी. नवीन वायरिंग होणार असेल तर विगंडच्या जागी ओएसडीपी (रीडर आणि कंट्रोलरने बोलायची नवी पद्धत) मागा. २०२० पासून ते आयईसीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आरएस-४८५ प्रकारच्या तारजोडणीवर १२०० मीटरपर्यंत चालतं, आणि रीडर कोणी भिंतीवरून उपटला तर कंट्रोलरला लगेच कळतं.

व्हेंडरला पुढचा फोन कराल तेव्हा "कार्ड चालत नाही" एवढंच सांगू नका. हे पाच मुद्दे मेलमध्ये लिहून पाठवा: कोणतं दार, कोणत्या वेळा, त्या वेळेची लॉगमधली नोंद, मॅग्नेट लागलेलं असताना त्याच्या टोकांवरचं व्होल्टेज, आणि एएचयू चालू होता की बंद. एअरलॉक असेल तर दुसऱ्या दाराची स्थितीही. एएमसीच्या करारात "सुटा भाग बदलला" याऐवजी "कारण काय सापडलं" असा रकाना घालून घ्या, आणि तो रिकामा असेल तर सर्व्हिस रिपोर्टवर सही करू नका.